डावा लूम पुढं पळायलाय

वापरात नसलेली वस्तू विकायची असेल तर ती चालू आहे की नाही, एवढंच बघायचं असतं. मी ते बघायला बसलो आणि आठ महिने उठलो नाही.

वस्तू म्हणजे डीजेचं मशीन. दीड हात लांब, काळंभोर. वर दोन चकत्या, मधे सरकत्या दांड्या, आणि जिल्हा परिषदेच्या लिफ्टमध्येही नसतील इतकी बटणं. आमच्या सोनालीनं इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला ते हौसेनं घेतलं, तीन महिने वाजवलं, आणि पुण्याला नोकरी लागल्यावर कपाटावर ठेवून निघून गेली. "बाबा, त्याचं काहीतरी करा," असं नंतर फोनवर म्हणाली. मुलं घर सोडताना आईबापांना असं काहीतरी करण्यासारखं मागं ठेवून जातातच. समोरच्या विंगमधल्या एकांकडे मासे आहेत. त्या मानानं आमचं बरं होतं, मशीनचं पाणी बदलावं लागत नव्हतं.

"विकून टाका," महादेवी म्हणाली. महादेवी म्हणजे माझी पत्नी. "कपाट पुसता येत नाही त्याच्यामुळं."

मी फोटो काढून जाहिरात टाकली. दुसऱ्याच दिवशी श्रीपूरहून फोन आला. धोंडिराम नावाचे गृहस्थ, साखर कारखान्यात फिटर.

"साहेब, दोन्ही चकत्या फिरत्यात का?"

"फिरतात की."

"फिरत्यात त्ये फोटूत दिसतंयच हो. फिरल्यावर काय व्हतंय?"

हा प्रश्न साधा नव्हता. सत्तावीस वर्षांच्या सरकारी नोकरीत फिरणाऱ्या वस्तू मी पुष्कळ पाहिल्या. पंखे पाहिले, फायली पाहिल्या, एकदा एक बदलीचा आदेश तीन तालुके फिरून परत माझ्याच टेबलावर आलेला पाहिला. पण फिरल्यावर काय होतं, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "बघून सांगतो," म्हणालो. सरकारी माणसाच्या तोंडून हे वाक्य आपोआपच निघतं. फक्त मी खरोखरच बघायला बसलो, इथं चूक झाली.

तर फिरल्यावर होतं ते असं. डाव्या चकतीवर एक गाणं चालू असतं. ते लोक ऐकत असतात. त्याच वेळी उजव्या चकतीवर दुसरं गाणं फक्त आपल्या हेडफोनमध्ये चालू करायचं, त्याचा वेग दांडीनं कमीजास्त करून पहिल्याशी जुळवायचा, आणि ठेक्यावर ठेका बसला की मधली दांडी हळूच सरकवायची. पहिलं गाणं कधी गेलं आणि दुसरं कधी आलं ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. खात्यात आम्ही साहेबांच्या बाबतीत हेच करतो. त्यामुळे विषय मला लगेच आपला वाटला.

मशीनवर 'सिंक' नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की दोन्ही ठेके आपोआप जुळतात. पहिला महिना मी ते दाबून स्वतःवर फार खूश होतो. मग एका संध्याकाळी सहज मनात आलं, हे दाबलंच नाही तर? दाबलं नाही. गोदामाच्या जिन्यावरून रिकामी पिंपं गडगडत यावीत तसा आवाज कानात आला. महिनाभर जे वाजवत होतं ते मी नव्हतो, बटण होतं, हे मला कळलं. माणसाला पन्नाशीनंतर अशी माहिती मिळू नये. मिळालीच तर त्याचा नाद लागतो.

रोज कचेरीतून आल्यावर साडेसहाला मी पलंगाच्या काठावर बसायचो, समोर स्टुलावर मशीन, कानाला हेडफोन. हेडफोन अत्यावश्यक होता. आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीत मिरवणुकांतल्या डीजेविरुद्ध सह्यांची मोहीम झाली होती आणि त्या निवेदनावरची तिसरी सही माझी होती. निवेदनाचा मसुदाही माझाच. 'कर्णकर्कश', 'हृदयविकार' आणि 'विकृत' हे शब्द मी हौसेनं घातले होते.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे यादगिरीमामा. सत्तरीचे, किडकिडीत, पांढरा शर्ट-पायजमा.

"बिराजदारसाहेब, वरती लूम बसवलाव काय?"

"लूम? नाही हो मामा."

"दोन आहेत. रोज साडेसहाला चालू करायलाव. मी खाली पडून ऐकायलोय." मग जरा पुढं वाकून, एखाद्या घरच्या आजाराबद्दल बोलावं तसं हळू आवाजात म्हणाले, "तुमचा डावा लूम पुढं पळायलाय."

मी थक्क झालो. घरात आवाज शून्य होता. मग लक्षात आलं, डाव्या गाण्याचा ठेका मी डाव्या टाचेनं धरत होतो आणि उजव्या गाण्याचा उजव्या टाचेनं. या दोन टाचांचा हिशेब मामांनी खालून, छताकडे बघत, दोन महिने तपासला होता.

मामा चाळीस वर्षं पूर्व भागातल्या, म्हणजे सोलापूरच्या तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे यंत्रमागाचा डॉक्टर. चोवीस लूम एकदम खडखडत असताना मामा फाटकातूनच सांगायचे, "सतरा नंबरला ताप आहे." कारखाना सहा वर्षांपूर्वी बंद पडला, लूम भंगारात गेले. मुलानं इकडं फ्लॅट घेतला आणि मामांना शांततेत आणून ठेवलं.

"शांततेत झोप येत नाही हो," मामा म्हणाले. "तुमचं चालू झाल्यापासून येतीय. पण ते डावं पळायला लागलं की जाग येतीय."

मी त्यांना आत घेतलं, हेडफोन कानाला लावला, आणि ते बिनशब्दांचं धपधप संगीत ऐकवलं. मामांनी डोळे मिटले.

"एकशेवीस," म्हणाले.

पडद्यावर आकडा होता एकशेवीस. मिनिटाला एकशेवीस ठोके.

"आमचे लूम एकशेवीसलाच चालायचे. त्याच्या वर नेलं की कापड जाळीदार येतंय. हे कोणाचं कापड आहे?"

"जर्मनीच्या माणसाचं आहे."

"चांगला जॉबर आहे," मामांनी निर्वाळा दिला.

त्या दिवसापासून माझं खरं शिक्षण सुरू झालं. मामांनी पहिल्यांदा सिंकच्या बटणावर कागदी पट्टी चिकटवली. मग हातांची भाषा शिकवली. कारखान्यात चोवीस लूमच्या आवाजात तोंडानं बोलून उपयोग नसतो, तिथं सगळं हातानं चालतं. तळहात छातीपासून मागं ओढला की ज्या बाजूचा हात त्या बाजूचा लूम मागं घे. पुढं ढकलला की पुढं काढ. कमरेजवळ दोन्ही हात लुळे हलवले की पट्टा ढिला झालाय, जोर कमी पडतोय. दोन्ही हात डोक्यावर नेऊन बोटं फुलासारखी उघडली की कांडी संपली, म्हणजे धोट्यातलं सूत संपलं, नवी घाल. आणि दोन्ही मुठी छातीशी जोडल्या की जुळलं, आता हात लावू नको. हे शेवटचं मला मिळायला तीन महिने लागले. मामा माझ्या टाचा ऐकून ठेका तपासायचे, आणि मी हेडफोनमध्ये असल्यामुळे त्यांना तोंडानं बोलायची सोयच नव्हती. महादेवी चहा घेऊन आत आली की दोन पुरुष एका निःशब्द खोलीत एकमेकांना हातवारे करताना दिसायचे. ती कप ठेवून निघून जायची. बाहेर कुणाला काही सांगायची नाही. त्यात तिचीही अब्रू होती.

इकडं धोंडिरामांचा दर पंधरवड्याला फोन यायचा. "साहेब, तपासनी झाली का?" "चालू आहे." आठव्या महिन्यात एकदा फोन महादेवीनं उचलला आणि माझ्यासमोरच त्यांना पुढचा सोमवारचा दिवस देऊन टाकला.

"अगं, पण मी आता त्यात बऱ्यापैकी—"

"बऱ्यापैकी काय? कुणी ऐकलंय का? आठ महिने तुम्ही वाजवताय आणि घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येतोय. साकु आता." फार झालं की महादेवी माहेरच्या कानडीत थांबवते. मग जरा वेळानं, माझं तोंड बघून असेल, म्हणाली, "बरं. एकदा माणसांसमोर वाजवून दाखवा. एकजण तरी आपण होऊन नाचला, तर मशीन राहील. नाही तर सोमवारी धोंडिराम घेऊन जातील. आणि घरातला माणूस धरायचा नाही."

"घरातला माणूस म्हणजे?"

"म्हणजे मी."

"तू नाचणार होतीस?"

ती कुकर बघायला गेली. कुकर लावलेला नव्हता.

सहा दिवस हातात होते. बातमी सोसायटीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. चेअरमन शहाजीराव जिन्यात गाठून म्हणाले, "बिराजदार, तुम्ही आपल्या मोहिमेचे आधारस्तंभ. लोकांनी काय समजायचं?" मी हेडफोनचा खुलासा केला. त्यांनी विचार करून सांगितलं, "आवाज न करता वाजवणार असाल तर सोसायटीची हरकत नाही." दुसरे एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले की नाचण्यासाठी नाचरे लोक लागतात, ते सोलापुरात वरातीशिवाय मिळत नाहीत, तेव्हा आधी एखादा नवरदेव बघा. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी महादेवीला विचारलं, "भाऊंना बरं नाहीये का?"

शिवाय परवानगी. सरकारी नोकराला खात्याबाहेर काही करायचं तर आधी अर्ज द्यावा लागतो. लोक देत नाहीत, मी दिला. हा अर्ज दोन टेबलं फिरून पृच्छेसह परत आला: 'सदर कर्मचारी जे वाजवू इच्छितात ते वाद्य आहे किंवा वाहन, याचा स्पष्ट उल्लेख नाही.' टिप्पणी लिहिणाऱ्यानं डीजे म्हणून आयुष्यात पाहिला होता तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचाच; त्याचा दोष नव्हता. मी 'वाद्य (टेबलावर ठेवण्याचे)' असा खुलासा जोडून अर्ज पुन्हा आत पाठवला आणि सवयीनं त्याची आशा सोडली.

क्लब विजापूर रोडवर मिळाला. एका हॉटेलच्या गच्चीवर काचा लावून केलेला हॉल, नाव 'स्काय नाइन'. इमारत चार मजल्यांची आहे. नऊ कशाचे, असं मी मॅनेजर चन्नप्पांना विचारलं.

"नऊ आकडा चांगला असतो री सर," ते म्हणाले. चन्नप्पा मूळचे दुधनीचे. मोठा समजूतदार माणूस. "मेन डीजे पुण्याहून येतात, रविवारी आठला. पाच ते सहा आपल्याकडं कुणी नसतंय. आलेच तर बुफेला येतात. तुम्ही वाजवा की. आमची वायर तेवढीच गरम राहती."

दोन अटी होत्या. पुण्याचे डीजे जी गाजलेली गाणी वाजवणार ती मी आधी वाजवायची नाहीत, आणि आवाजाचा काटा लाल दिव्यापर्यंत न्यायचा नाही. या अटी त्यांच्या नव्हत्या, सगळ्याच क्लबांत पहिल्या डीजेनं हे पाळायचं असतं म्हणे. थोडक्यात, तिथं हजर राहायचं, काम चालू ठेवायचं, पण कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही. याचा माझ्याइतका अनुभव असलेला डीजे त्यांना महाराष्ट्रात मिळाला नसता.

मी साठ मिनिटांचा तक्ता केला. अनुक्रमांक, गाण्याचं नाव, सुरू होण्याची वेळ, वेग, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात चौथ्या गाण्यापुढं 'येथे नृत्य अपेक्षित' असं लिहिलं.

रविवारी पावणेपाचला आम्ही तिघं रिक्षानं पोचलो. मी लग्नसमारंभाचा ब्लेझर घातला होता. महादेवी बुफेजवळच्या टेबलावर अशा बेतानं बसली, की सगळा हॉल दिसावा. मामा एका खांबाशेजारी उभे राहिले; कारखान्यात ते कधी बसले नव्हते. गिऱ्हाइकं दोनच ठिकाणी होती. एका टेबलावर दोन तरुण लॅपटॉप उघडून, आणि मधल्या लांब टेबलावर पूर्व भागातल्या अकरा बायकांची भिशी. जरीच्या साड्या, मोगऱ्याचे गजरे, मंचुरियन.

मी डीजेच्या टेबलामागं गेलो आणि मला तिथून परत यावंसं वाटलं.

घरी एक मशीन होतं. इथं तीन होती: एकेका चकतीचं एकेक, आणि मधे दांड्यांचं तिसरंच. टेबल छातीइतकं उंच, कारण हा धंदा उभ्यानं करायचा असतो. मी आठ महिने बसून शिकलो होतो. हेडफोनची पिन बारीक, इथलं भोक अंगठ्याएवढं. चन्नप्पांनी कुठूनतरी जोडपिन शोधून आणली. माझा पेन ड्राइव्ह लावला, गाणी दिसली, पण एकाही गाण्यापुढं वेगाचा आकडा नाही. मामांशी प्रतारणा करून मी घाईनं सिंकचं बटण दाबलं. दिवाच लागला नाही.

सोनालीला फोन लावला.

"बाबा, गाणी नुसती कॉपी करून नेलीत?"

"मग कशी न्यायची?"

"आधी सॉफ्टवेअरमध्ये घालून मग ड्राइव्हवर काढायची असतात! नाहीतर तिथलं मशीन ठेका ओळखत नाही. आता कानानं जुळवा." मग एकदम, "बाबा, पण तुम्ही नक्की कुठं आहात?"

मी फोन ठेवला. कान होते. कानांचं शिक्षण झालेलं होतं. पाचला पहिलं गाणं लावलं, आवाज काट्याच्या मर्यादेत, आणि दुसरं हेडफोनमध्ये जुळवायला घेतलं. तेव्हा शेवटची गोष्ट कळली. मोठे स्पीकर हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होते. तिथला ठोका माझ्यापर्यंत येईतो हेडफोनमधला ठोका केव्हाच होऊन गेलेला असायचा. म्हणून डीजेच्या कानाजवळ एक छोटा स्पीकर ठेवलेला असतो, तो त्याचा त्याच्यासाठी. इथंही होता. त्याच्यावर चन्नप्पांनी मनीप्लांटची कुंडी ठेवली होती आणि कुंडीला पाणी घालायला अडचण नको म्हणून वायर काढून ठेवली होती.

मी टाचांनी ठेका धरून बघितला. खाली जाड गालिचा. माझ्या टाचा मलाच ऐकू येईनात.

तक्त्याप्रमाणं पाच वाजून चार मिनिटांनी मी दुसरं गाणं आत घेतलं. पिंपं जिन्यावरून गडगडली. मंचुरियनचे अकरा काटे हवेत थांबले. लॅपटॉपवाल्यांपैकी एकानं वर एसीकडे बघितलं. महादेवी माझ्याकडे बघत नव्हती. ती मेन्यूकार्ड वाचत होती, तेही पाणी आणि सोडा या पानावर. मला श्रीपूरची बस दिसायला लागली आणि त्या बसमध्ये धोंडिरामांच्या मांडीवर माझं मशीन.

खांबापाशी हालचाल झाली. मामा मोकळ्या फरशीच्या बरोबर मधोमध आले. तिथून त्यांना दोन्ही ठेके चांगले ऐकू येत होते. त्यांनी डावा तळहात छातीपासून मागं ओढला.

डावा लूम पुढं पळत होता.

मी डाव्या चकतीला बोट लावून ती किंचित रोखली. मामांनी पुन्हा ओढला. पुन्हा रोखली. आता उजवा पुढं ढकलला. हॉलमध्ये काचांवर पडदे ओढून केलेला निळसर अंधार, छतावरचे दिवे गरगर फिरणारे, मला नीट दिसेना. मी डोळे बारीक केले. ते बघून मामांनी हात मोठे केले, खांद्यापासून फेकायला लागले, आणि दोन लूमवर एकदम नजर ठेवताना जॉबर जसा दोन पावलं इकडं दोन पावलं तिकडं करतो तसे सरकायला लागले. ठेक्यावर. चाळीस वर्षं एकशेवीसच्या ठेक्यात चाललेला माणूस दुसऱ्या कशावर सरकणार?

आणि एकदम दोन्ही मुठी छातीशी जोडल्या. जुळलं.

ते खरंच जुळलं होतं. मला तिथं ऐकू येत नव्हतं, पण मामांच्या तोंडावर दिसत होतं. खाली फ्लॅटमध्ये त्यांना झोप लागताना तोंड असंच होत असणार.

तिसऱ्या गाण्याची वेळ झाली, तशी मामांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन बोटं उघडली. कांडी संपली. तेवढ्यात भिशीच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "अयिपोयिंदी!" संपलं, असं तेलुगूत. बोलणाऱ्या बाई साठीच्या होत्या, जाड भिंगाचा चष्मा. त्यांचं सगळं बालपण बहुतेक घरातल्या लूमशेजारी कांड्या भरण्यात गेलं असावं, कारण पुढच्याच क्षणी त्या उठल्या, मामांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि कमरेजवळ हात हलवून त्यांना सांगायला लागल्या की पट्टा ढिला आहे. खरंच होता. मी आवाज लाल दिव्याच्या अलीकडं नेला.

मग दुसऱ्या बाई उठल्या. त्यांनी पहिल्यांना दुरुस्त केलं. आणखी दोघी हसत हसत उठल्या आणि एकमेकींना कांड्या मागायला लागल्या. सव्वापाचपर्यंत अकराच्या अकरा बायका फरशीवर होत्या. हात मागं, हात पुढं, वर फुलं, छातीशी मुठी. त्या मुठी पडल्या की सगळ्या जागच्या जागी एक ठोका थांबायच्या आणि मग पुन्हा सुटायच्या. लॅपटॉपवाले दोघं लॅपटॉप बंद करून मागच्या ओळीत शिरले आणि चुकीचे हात करायला लागले. चन्नप्पा कुंडी उचलून छातीशी धरून उभे होते. मी तक्ता कधीच खाली टाकला होता. कुठलं गाणं कधी घ्यायचं ते आता मी ठरवत नव्हतो. चौदा माणसांची कांडी संपली की मी नवी घालत होतो. मला वाटतं, क्लबात वाजवणं म्हणतात ते एवढंच असावं. घरात मात्र ते आठ महिन्यांत कुठं सापडत नाही.

सहा वाजता मी मधली दांडी खाली घेतली. ब्लेझर घामानं भिजला होता. टेबलामागून बाहेर आलो ते सरळ महादेवीकडे. "बघितलंस?"

"बघितलं," ती म्हणाली. "विचारून घेऊ."

महादेवी कधीकाळी शाळेत शिक्षिका होती. ती आधी मामांकडे गेली.

"मामा, तुम्ही नाचलात?"

मामांना चक्क राग आला. "नाचायला मी काय वरातीत आहे? काम करत होतो. डावा पळत होता तुमच्या साहेबांचा."

मग भिशी. जाड भिंगाच्या बाई पदर सारखा करून म्हणाल्या, "आम्ही? क्लबात? नाही हो ताई. मामांचं चुकत होतं, ते सांगायला उठले मी."

"मी हिला बसवायला गेले होते," दुसरी म्हणाली.

"मी वॉशरूमकडं चालले होते," तिसरी म्हणाली. तिला वॉशरूमकडं पोचायला पंचेचाळीस मिनिटं लागली होती. "आणि ताई, आमच्या घरी काही बोलू नका हां."

अकरा साक्षीदार, एकही फुटला नाही. लॅपटॉपवाले बिल देऊन गेले होते. एकटे चन्नप्पा म्हणाले, "छान नाचले री सगळे," पण ते आयोजक, त्यांची साक्ष महादेवीनं हितसंबंधाच्या मुद्द्यावर बाद केली. सोलापुरात एका तासात चौदा माणसांना नाचवून एकही माणूस न नाचवल्याचा मान त्या संध्याकाळी माझ्याकडे आला.

सोमवारी सकाळी दहाला धोंडिराम आले. बरोबर पोतं आणि दोरी. मी आतून मशीन आणायला गेलो तर स्टूल रिकामं.

"ते गेलं," महादेवी म्हणाली. "सातलाच मामा येऊन घेऊन गेले. जेवढ्याला ठरलं होतं तेवढ्यालाच."

मी तरी स्टुलाखाली वाकून बघितलं. धोंडिरामांनी मात्र शांतपणे विचारलं, "मंग फिरल्यावर काय व्हतंय, त्ये तरी कळलं का?"

"या," म्हणालो, आणि त्यांना खालच्या मजल्यावर घेऊन गेलो. मामा चटईवर बसून दोन्ही चकत्यांवर हात ठेवून होते. हेडफोन एका कानाला. धोंडिराम तासभर तिथं बसले, जाताना पोतं विसरून गेले.

आता मी साडेसहाला घरी येतो आणि पलंगावर पडून ऐकतो. खालून टाचा येतात. मामांच्या टाचा कधीच चुकत नाहीत, हे ऐकायला फार त्रासदायक असतं. पण परवा एकदा डावी किंचित पुढं गेली. मी चप्पलही न घालता खाली धावलो. मला तेवढंच राहिलं आहे.

चन्नप्पांनी पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा बोलावलं. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'डीजे यादगिरी'. स्पीकरची वायर जोडलेली होती, कुंडी टेबलाखाली. मला काम नव्हतं, पण मामा म्हणाले, फरशीवरून कुणीतरी सांगणारा लागतोच, मग तो घरचा बरा. म्हणून मी फरशीच्या मधोमध उभा राहिलो. त्याच आठवड्यात कचेरीतून परवानगीचं पत्रही आलं होतं: 'उपरोक्त वाद्य (टेबलावर ठेवण्याचे) वाजविण्यास एक वेळची मान्यता.' वाजवत मी नव्हतो. हातवारे करण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल का, हे मी अजून विचारलेलं नाही.

भिशी आली होती. या वेळी बारा खुर्च्या होत्या. मी डावा हात मागं ओढला, उजवा पुढं ढकलला. मामांना काही गरज नव्हती, तरी त्यांनी माझा मान राखून चकतीला बोट लावल्यासारखं केलं. बायका उठल्या. आणि तिसऱ्या गाण्याला मी दोन्ही हात वर नेले तेव्हा जाड भिंगाच्या बाईंच्या शेजारी आणखी दोन हात वर गेले. बांगड्या ओळखीच्या होत्या, गेल्या दिवाळीच्या. बोटं फुलासारखी उघडली. एकवीस वर्षांपूर्वी धाकट्या मेव्हण्याच्या हळदीला एकदा पाहिली होती, त्यानंतर आत्ताच. घरातला माणूस धरायचा नव्हता, पण मशीन आता घरातलं नव्हतं.

आम्ही रिक्षात बसलो. आसरा चौक गेला. मग विचारलं, "नाचलीस?"

महादेवीनं पदर सारखा केला.

"मी? मी कुठं नाचले? कांडी संपली होती. सांगायला नको?"